वरच्याला रकाना नाही

“हात पुढे कर, छोटे मास्तर. वरचं घे.”

हा आवाज अंत्वी मास्तरांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. घानातल्या कुमासीचा जुना लॉरी अड्डा, मक्याच्या सालीत गुंडाळलेल्या केंकीच्या गोळ्यांची वाफ, तळलेल्या माशांची परात, आणि आईच्या त्या परातीमागून आलेला मुलीचा आवाज. तेव्हा मास्तर मास्तर नव्हते. ट्रेनिंग कॉलेजातले, कोपरावर ठिगळ मिरवणारे याव अंत्वी होते. केंकी घेण्याआधी ते भाषण करत. विषय ठरलेला: विद्यार्थ्यांची उपासमार, देशाची उभारणी, आणि एका केंकीला एकच मासा देण्यातला ढळढळीत अन्याय. भाषण संपलं की तळहातावर एक लहानसा तळलेला मासा येऊन पडे. फुकटचा. वरचा.

पुढे त्यांनी त्या आवाजाशीच लग्न केलं. तिचं नाव पोकुआ. पण मास्तरांच्या मते त्या अड्ड्यावर त्यांना लाभलेली खरी मिळकत दुसरीच होती. घासाघीस ही विद्या आहे, तिला जीभ लागते, आणि ती जीभ आपल्याकडे आहे, हे त्यांना तिथे कळलं. नंतर भूगोल शिकवताना नद्या-डोंगर मागे राहिले तरी चालतील, पण दर वर्गाला त्या माशाची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बंतामाच्या बाजारात आजही ते टोपलीपुढे उभे राहिले की आधी घसा खाकरत. पोकुआ शेजारी उभी असली तर आभाळाकडे बघत राही.

अशा माणसाचं पेन्शन महिना संपायच्या आधीच संपावं, ही गोष्ट लागणारच. त्यात एका शनिवारी, कुणाच्याशा मयताच्या मंडपात, काळे कपडे घालून सगळे बसलेले असताना, शेजारचे ड्वोमोसाहेब कानाशी लागले. ड्वोमोसाहेब कस्टममधून निवृत्त झालेले. दुसऱ्याचं सामान उघडून बघायची सवय अजून सुटलेली नव्हती.

“मास्तर, पेन्शन जातं कुठं, ठाऊक आहे का?”

“घरात जातं.”

“घरात कुठं?”

 ज्याने हजारो पोरांना नदी कुठे उगम पावते आणि कुठे समुद्राला मिळते ते पाठ करायला लावलं, त्याला आपल्याच पैशाचं मुख सापडू नये! मंडपातले ढोल त्यांना ऐकू येईनासे झाले.

त्याच रात्री त्यांनी टेमा शहरात राहणाऱ्या मुलीला, मान्साला, फोन केला. मान्सा म्हणाली, “बाबा, अ‍ॅप आहे. ‘सुखी पाकीट’. लहान मूलसुद्धा वापरतं. खर्च केला की टाकायचा, बस.”

ते ‘टाकायचा, बस’ म्हणजे काय, हे मास्तरांना सोमवारी ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या मिनीबसमध्ये, बसल्यावर कळलं. मेटने, म्हणजे तिथल्या कंडक्टरने, भाडं मागितलं. मास्तरांनी नोट दिली आणि खर्च टाकायला घेतला. पडद्यावर रकाने उगवले: तारीख, खातं, कुणाला दिले, कशासाठी दिले, प्रकार, नग किती, एका नगाचा भाव, शेरा. “नग?” मास्तर पुटपुटले. “मी एक नग.” ‘प्रकार’ वर बोट ठेवलं तर यादी सुरू झाली: बर्फ उपसणे, घोड्याचा चारा, कुत्र्याचे केशकर्तन, होडीचा विमा. मास्तर खाली खाली सरकत गेले. ट्रोट्रो कुठे सापडेना. ‘परदेशी प्रवास’ तेवढा सापडला. तो निवडला. मग साठवण्याचं बटण दिसेना. ते कळफलकाच्या खाली लपून बसलं होतं. कळफलक घालवायला मास्तरांनी मागे जायची खूण दाबली, आणि सगळे रकाने धुतल्या पाटीसारखे स्वच्छ झाले.

“बाबा, उतरता की परत अड्ड्यावर येता?” मेट म्हणाला. त्यांचा थांबा केव्हाच मागे गेला होता. परतीचं भाडं द्यावं लागलं. तेही टाकायचं होतं.

पण मास्तर हटणाऱ्यातले नव्हते. त्यांनी चष्मा बदलला आणि अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून अ‍ॅपशी झुंज मांडली. अ‍ॅपच्या मुलखात महिना आधी येई आणि तारीख मागून. त्यामुळे बारा जुलैला घेतलेला अंगाचा साबण थेट सात डिसेंबरला जाऊन पडला, आणि अ‍ॅपने विचारलं, ‘नाताळची तयारी का? छान!’ मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गात त्यांना कुणी असं ‘छान’ म्हटलं नव्हतं. ते स्वतः म्हणत असत, आणि तेही क्वचित.

खरी अडचण उभी राहिली ती मामे चेरेवाच्या टोपलीपाशी.

चेरेवा (मामे म्हणजे आई, मानाने म्हणतात तसं) बंतामाच्या बाजारात वांगी विकते, ती पांढरी, कोंबडीच्या अंड्याएवढी. तिची पद्धत बाजाराचीच: वांग्यांची रास मांडलेली, राशीचा भाव ठरलेला, आणि रास पिशवीत गेली की वरून एक मूठ. ती मूठ म्हणजेच वरचं. ते मागावं लागतं, पण मोजायचं नसतं. मास्तरांनी भाषण केलं, वरचं घेतलं, आणि तिथेच उभं राहून फोन काढला. नग: रास एक, अधिक वांगी चार. चार वांग्यांचा भाव: शून्य. अ‍ॅपने लाल अक्षरांत सांगितलं, ‘रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी.’

आता प्रामाणिक माणसाने काय करावं? वांगी तर पिशवीत आहेत. ती नाहीतच असं कसं लिहायचं? मास्तरांनी ड्वोमोसाहेबांना फोन लावला.

“सोपं आहे,” ड्वोमोसाहेब म्हणाले. “फुकट आलेला माल म्हणजे देणगी. देणगीची आवक म्हणून टाका. पण मालाचं मूल्य लागेल. आणि देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता.”

मास्तरांनी फोन खिशात ठेवला आणि घसा खाकरला.

“मामे चेरेवा, ही वरची मूठ घातलीस, तिची किंमत काय?”

“किंमत कसली? ती वरची आहे, मास्तर.”

“हो, पण समज, वरची नसती तर?”

“तर माझ्या टोपलीत असती.”

“बरं, ते असू दे. तुझं पूर्ण नाव सांग. आणि राहण्याचा पत्ता.”

मागे रांग झाली होती. रांगेतल्या बायकांना असं काही रोज मिळत नाही.

“अगं बाई! इतक्या वर्षांनी पत्ता विचारतायत!”

“पोकुआच्या कानावर आहे का हे, मास्तर?”

“चेरेवा, देऊ नकोस हो. आज पत्ता मागतोय, उद्या जेवायला येईल.”

चेरेवा हसली नाही. तिने मास्तरांच्या पिशवीत हात घातला, चार वांगी मोजून काढली आणि टोपलीत ठेवली. “हे घ्या. आता तुमचा फोन म्हणतो तसं बरोबर झालं. पैशाएवढा माल. आणि मास्तर, इथून पुढं असंच.”

मास्तर घरी आले. पोकुआने पिशवीत हात घालूनच ओळखलं. बाईच्या हाताला वजन बोलतं. “चेरेवा आजारी आहे का?” तिने विचारलं. मास्तर म्हणाले, “नाही, हिशेबात आहे.” पुढचं पोकुआला विचारावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत सबंध आळीने तिला सांगितलंच.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण शनिवार आला, आणि शनिवारी मास्तर पोकुआला चुलीचे पैसे देत. आठवड्याचं तेल, मीठ, मिरची, मासळी, सगळं त्यातून. घरातला सगळ्यात मोठा खर्च हाच. तो टाकायचा नाही तर अ‍ॅप ठेवायचं कशाला? ‘कुणाला दिले’ मध्ये त्यांनी लिहिलं: पोकुआ. अ‍ॅपने विचारलं: पोकुआ कोण? आणि चार पर्याय दिले. पुरवठादार, नोकर, ग्राहक, इतर.

याचा विचार करायला आंब्याखाली बैठकच बसली. ड्वोमोसाहेब होते, आणि कोपऱ्यावर केस विणण्याचं दुकान चालवणाऱ्या, चर्चमध्ये सगळ्यात उंच सूर लावणाऱ्या सिस्टर ओफेलिया होत्या. पोकुआ मागे अंगणात कपडे वाळत घालत होती.

“पुरवठादार म्हणू नका,” ड्वोमोसाहेबांनी बजावलं. “पुरवठादार म्हटलं की कर नंबर लागतो.”

“आणि नोकर म्हटलं तर देवाला तोंड दाखवू नका,” सिस्टर ओफेलिया म्हणाल्या.

“देवाचं सोडा, भविष्यनिधी भरावा लागेल.”

“ग्राहक?”

“ती काय विकत घेते तुमच्याकडून, मास्तर? तुमची भाषणं?”

“मग राहिलं ‘इतर’,” मास्तर म्हणाले. ‘इतर’ दाबल्यावर अ‍ॅपने पुन्हा फाटे फोडले: छंद, दंड, जुगार, किरकोळ. सगळ्यांनी एकमताने त्यातल्या त्यात सभ्य निवडलं. मास्तरांनी कळफलक न हलवता, बटण बोटाने चाचपून, खर्च साठवला. पहिल्या फटक्यात साठला. ड्वोमोसाहेबांनी टाळी दिली. अशी टाळी मिळाली की माणसाने सावध व्हावं, पण मास्तरांची छाती फुगली होती.

रविवारी चर्चहून आल्यावर पोकुआ मास्तरांच्या फोनवरून मान्साशी बोलत होती. तोंड दिसणारा फोन. बोलता बोलता तिने फोन डोळ्यांजवळ आणला. मास्तर टाय सोडत होते.

“मान्सा, थांब हं,” ती म्हणाली, आणि पडद्यावर आलेली पाटी मोठ्याने वाचू लागली. चर्चमध्ये ती शास्त्रपाठ वाचते, तशा सुरात. “‘या आठवड्यातला तुमचा सगळ्यात मोठा किरकोळ खर्च: पोकुआ. ह्या खर्चाशिवाय चालेल का? विचार करा.’ खाली एक रडका चेहरा आहे, मान्सा. दिसतो का तुला?”

फोनमधून टेमाहून फक्त, “बाबा!” एवढंच आलं.

मास्तरांनी टाय पुन्हा बांधला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोकुआ ओरडली नाही. ओरडली असती तर मास्तरांची जीभ कामाला आली असती. ती आत गेली, लुगडं बदललं, आणि म्हणाली, “चला मिस्टर अंत्वी, फुफू कांडायचा आहे.” एरवी ती ‘तू’ म्हणे. ‘तुम्ही’ आणि ‘मिस्टर’ ही जोडी त्या घरात फक्त विजेचं बिल घेऊन येणाऱ्यासाठी राखलेली होती.

फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा कुटून केलेला गोळा, दोघांनी कांडायचा असतो. मास्तर उभे राहून लांब मुसळ उचलत, पोकुआ उखळीपाशी बसून दोन घावांच्या मध्ये गोळा फिरवी. इतक्या वर्षांत तिचा हात आणि त्यांचं मुसळ यांची गाठ पडलेली नव्हती. दोघांचा ताल श्वासासारखा होता. त्या दिवशी त्या तालावर ती गुणगुणू लागली. आईकडून आलेली कांडणाची चाल, पण शब्द ताजे.

“माझ्या ग उखळात
काय पडलं, काय नाही,
धनी पुसतो फोनाला
फोन म्हणतो, ठावं नाही.

घावामागं घाव पडे
मधी माझा हात बाई,
घराचं ग सारं चाले
मी ग कुठल्या खात्यात नाही.”

कुंपणापलीकडे सिस्टर ओफेलियांनी शेवटची ओळ उंच सुरात उचलली. मास्तरांचं मुसळ जड झालं.

आणि मग ताट आलं. फुफूचा एक गोळा, काठाशी नीट कापलेला. रस्सा वाटीच्या रेघेपर्यंत. मांसाचा तुकडा एक. मास्तरांनी वाट पाहिली. रोज, ताट पुढे ठेवल्यावर, पोकुआ वळता वळता पळीभर रस्सा आणि एक बारका तुकडा वरून घालत असे. त्यांनी त्याकडे कधी पाहिलंही नव्हतं. ते येतच असे, जसा वारा खिडकीतून येतो. त्या दिवशी पळी पातेल्यातच राहिली.

“रस्सा… जरा वर?”

“जेवढ्याची नोंद तेवढंच, मिस्टर अंत्वी. वरच्याला तुमच्या फोनात रकाना नाही म्हणे.”

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी लापशीत साखर चमचा सपाट करून घातलेली. पोट भरत होतं, कमी काही नव्हतं, तक्रारीला जागाच नव्हती, आणि तरी मास्तर उपाशी माणसासारखे घरभर फिरत होते. आपण काय गमावलंय ते त्यांना कळलं होतं. ते परत कसं मागायचं ते कळत नव्हतं. भाषण करावं, तर विषय सुचेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, मुळावरच घाव घालायचा. पोकुआला ‘किरकोळ’ मधून बाहेर काढायचं. पण अ‍ॅप म्हणालं, एकदा वापरलेला प्रकार बदलता येत नाही. आमच्या कार्यालयात या. कार्यालय अडुमला, तिसऱ्या मजल्यावर. मास्तर कोट घालून गेले. खिडकीमागे लांब निळ्या नखांची एक मुलगी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“खर्चाचा प्रकार बदलायला अर्ज लागतो, बाबा. तुमच्या ओळखपत्राची प्रत, आणि त्यांच्या.”

“कुणाच्या?”

“किरकोळ खर्चाच्या.”

“ती माझी बायको आहे.”

“मग इथं सहीही त्यांचीच लागेल. ‘मला आजवर किरकोळ समजण्यात आलं होतं हे मला मान्य असून, बदलास हरकत नाही.’ खाली नाव आणि तारीख. महिना आधी हं.”

मास्तरांनी अर्ज घेतला. जिना उतरताना त्यांना भूक लागली, आणि अर्ज हातात धरून घरी जायचं धैर्यही गोळा करायचं होतं. रस्त्यापलीकडे एक केंकीची गाडी होती. वाफ, साली, तळलेले मासे; सगळं तेच. मास्तरांना हुरूप आला. जीभ अजून आहे ना! त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली: शिक्षकांची निवृत्ती, देशाची उभारणी, एका केंकीला एकच मासा देण्यातला अन्याय. जुन्या भाषणातला एक शब्दही त्यांनी गाळला नाही. उलट दोन दाखले वाढवले.

गाडीवरच्या बाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “बाबा, मासा हवा असेल तर मासा घ्या. भाव पाटीवर आहे. मागची माणसं खोळंबलीत.”

मास्तरांनी एकाच माशाची केंकी खाल्ली. पाटीवरचा भाव मोजून दिला.

घरी पोकुआ ओसरीवर वांगी चिरत बसली होती. मास्तरांनी कोट काढला नाही. अर्ज तिच्यापुढे धरला आणि तिथेच पायरीवर बसले. तिने ओले हात पुसले, चष्मा लावला, सगळा अर्ज वाचला. तिच्या ओठाचा कोपरा एकदा हलल्यासारखा वाटला, पण मास्तरांना खात्री नव्हती.

“सही केली की मी जाणार कुठं?”

“अत्यावश्यक मध्ये. वीज आणि पाण्याच्या शेजारी.”

“वीज तर दिवसाआड जाते.”

“म्हणून तुला वर घातलंय. सगळ्यात वर.”

“आणि चेरेवाची मूठ?”

मास्तरांनी तिच्यापुढच्या वांग्यांकडे बोट केलं. मग म्हणाले, “सकाळी तिच्याकडे गेलो होतो. पत्ता नको म्हटलं. बोलली काही नाही, पण पिशवीत चार वांगी जास्त आहेत. मी ती लिहिणार नाहीये. त्या अ‍ॅपात सगळं टाकता येतं पोकुआ, घोड्याचा चारासुद्धा. फक्त जे कुणी आपणहून दिलं, ते टाकायला जागा नाही. शून्य लिहिलं तर घेत नाही, आणि शून्याहून जास्त लिहिलं तर देणाऱ्याला राग येतो.”

पोकुआने पेन घेतलं आणि सही केली. महिना आधी, तारीख मागून.

मास्तरांना इतकं हलकं वाटलं की जीभ आपोआप सुटली. “जग बदललं गं. आज अडुमला केंकीच्या गाडीवर तेच भाषण केलं, शब्दन्‌शब्द. मासा नाही मिळाला. तुझ्या आईच्या परातीवर रोज मिळायचा. तुझी आई म्हणजे खरी पारखी. तिला कळायचं चांगलं भाषण कशाला म्हणतात.”

पोकुआने सुरी खाली ठेवली. आत गेली. पातेल्याचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बशी होती, बशीत एक लहानसा तळलेला मासा, डोक्यासकट. तिने बशी लगेच दिली नाही.

“आई ऐकू येत नसल्यासारखी पैसे मोजत बसायची,” ती म्हणाली. “आयुष्यात तिनं कुणाला मिरचीचं बी वर दिलं नाही. बापालासुद्धा नाही.”

“मग?”

“तुझं भाषण मीही ऐकत नव्हते. लांबलचक असायचं. मी तुझ्या कोपरावरचं ठिगळ बघत बसायचे. दर खेपेला थोडं आणखी उसवलेलं.”

मास्तरांनी कोपराकडे पाहिलं. कोट धड होता. “पण मग मासा?”

“तू इतका खूश होऊन जायचास, दोरी सुटलेल्या बोकडासारखा. मग सांगायचं राहूनच गेलं. आणि पुढं तू वर्गावर्गात गोष्ट सांगायला लागलास, तेव्हा तर कसं सांगणार?” तिने बशी त्यांच्या हातात ठेवली. “हात पुढं कर, मास्तर. दुपारच्या जेवणाला आई मला एकच मासा द्यायची. तोच होता तो. रोज.”